राज्याची ओळ कोरी

शहापूरकर (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात बेळगावच्या शहापुरातलं घर आवरायला पुण्याहून गेलो होतो. वडील जाऊन वर्ष झालं, घर आता भाड्यानं द्यायचं ठरलंय. माळ्यावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. आत दोन रुपयांची एक नोट, पाठीवर आर्यभट्ट उपग्रह असलेली. पाचाची एक, ट्रॅक्टरवाली. वीस पैशांची ॲल्युमिनियमची षटकोनी नाणी बारा-तेरा. पंधरा पैशांची चार कोरी पोस्टकार्डं. रेडिओच्या लायसनचं पुस्तक, आत तिकिटं डकवलेली. आणि सुतळीनं बांधलेली मामाची आंतर्देशीय पत्रं.

वडील सुताच्या पेढीवर दिवाणजी होते. शनिवारी विणकरांचा पगार व्हायचा. त्या दिवशी मी दप्तर घेऊन पेढीवरच जाऊन बसायचो. नोटा मोजून झाल्या की त्यातली एक उलटी करून ते माझ्यापुढं ठेवायचे आणि पाठीवरच्या भाषा वाचायला लावायचे. असमिया, बंगाली, गुजराती, कन्नड, काश्मिरी, मल्याळम, मराठी. मराठी सोडून एकही वाचता यायची नाही, त्यांनाही नाही आणि मलाही नाही. खरं त्यांना जागा पाठ होती: "चौथी ओळ त्यांची, सातवी आपली. मध्ये दोन पाहुणे बसवलेत, म्हणून भांडण नाही." हा विनोद आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येकानं किमान तीनदा ऐकलेला आहे.

दुसरी गोष्ट पत्त्याची. वडिलांनी उभ्या आयुष्यात स्वतःच्या पत्त्यात राज्य लिहिलं नाही. नाव, गल्ली, शहापूर, बेळगाव, पिन. बस्स. आजोबा सांगली संस्थानात जन्मले, पुढं मुंबई राज्यात आले, १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेले आणि १९७३ ला कर्नाटकात. घर तेच, उंबरा तोच. मग राज्याच्या ओळीत काय लिहायचं, आणि दर वेळी कुणाशी वाद घालायचा? त्यापेक्षा ओळ कोरी ठेवलेली बरी. पत्र यायचंच.

मामा फौजेत. त्याच्या पत्त्यात तर गावही नाही. नंबर, हुद्दा, नाव, युनिट, मार्फत ५६ एपीओ, म्हणजे फौजेचं टपालघर. मला लहानपणी वाटायचं देश म्हणजे हेच, जिथं राज्य लिहावं लागत नाही ती जागा.

तर माझं म्हणणं असं. सीमाभागातल्या मराठी माणसाला देश भेटला तो झेंड्यापेक्षा अशा बारक्यासारक्या वस्तूंतून. झेंडा वर्षातून दोनदा. नोट, लाल पेटी, कार्ड, नाण्यावरचे सिंह मात्र रोज हाताखालून जायचे, आणि तू कन्नड की मराठी असं त्यांनी कधी विचारलं नाही. आता नोट कुणी हातात देत नाही, सगळं स्कॅन. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं. किल्ला तलावावर झेंड्याचा ११० मीटरचा खांब उभा केलाय, त्याच्याकडं बघताना मान मोडते. पुण्यानागपुरातल्या माणसाचं यात फारसं काही जात नाही. आपलं जातं, असं मला वाटतं.

तुमचं काय? मतभेद चालतील, शिव्या नकोत.


पहिल्या_गेटाजवळ

+१. वीस पैशाचं नाणं रुळावर ठेवून चपटं करायचो आम्ही, टिळकवाडीत. गाडी गेल्यावर गरम नाणं उचलताना बोटं भाजायची. राष्ट्रीय चिन्हाचा अपमान झाला म्हणून आता कुणी केस घालू नका म्हणजे मिळवली.


रोखठोक

ओ शहापूरकर, डबा उघडला, डोळे पुसले आणि पुण्याची गाडी धरली. आम्ही हितंच हाय.

तुम्ही म्हणता ह्या वस्तूंनी कधी विचारलं नाही. नोटेनं नसेल विचारलं. खरं नोट खिशात घालून ज्या खिडकीवर जातो, ती खिडकी विचारतेय. माझंच सांगतो. माझ्या वडिलांच्या नावात ज्ञ आहे. आधारवर इंग्रजीत डी-एन-वाय-ए, आपण मराठीत म्हणतो तसं. शेताची पहाणी, म्हणजे इकडचा सातबारा, कन्नडात. तिच्यावरून कुणीतरी बँकेत इंग्रजी नाव चढवलं ते जे-एन-ए. एकच माणूस, एकच शेत, पावसानं गेलेलं एकच पीक. नुकसानभरपाईच्या यादीत वडील दोन माणसं झाले आणि पैसे एकालाही आले नाहीत. तीन हेलपाटे, एक ॲफिडेव्हिट, आणि वर साहेब विचारतो, "नाव नीट का लिहीत नाही तुम्ही?" ज्ञ कसा उच्चारायचा हे आता कुणाला शिकवू?

त्या दिवशी माझ्या खिशात शंभराच्या चार नोटा होत्या. चारीवर मराठी होती. काय उपयोग झाला सांगा.

राज्यघटनेत कलम ३५०-अ आहे, मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाचं. ३५०-ब आहे, भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकाऱ्याचं. दोन्ही १९५६ च्या सातव्या दुरुस्तीनं आली, म्हणजे आपल्याला तिकडं ढकललं त्याच वर्षी. आठवण काढायची तर त्यांची काढा. आर्यभट्टाची कसली काढताय?

आणि चिन्हाची किंमत कळायची असेल तर येळ्ळूरला जाऊन विचारा. वेशीवरचा "महाराष्ट्र राज्य येळ्ळूर" फलक जुलै २०१४ ला पाडला, त्यानंतर लोकांनी लाठ्या खाल्ल्या. एका पाटीसाठी. पत्र्याच्या डब्यासाठी कुणी लाठी खाल्लेली ऐकली नाही मी.


जुनी_नोट

काही दुरुस्त्या, राग नसावा.

एक. वडिलांची मोजणी जुन्या नोटेला बरोबर आहे. तेव्हा पट्टीत तेरा भाषा होत्या, मराठी सातवी. कोकणी आणि नेपाळी १९९२ साली आठव्या अनुसूचीत आल्या, पुढं नोटेवरही आल्या, आणि भाषा पंधरा झाल्या. कोकणी बसली काश्मिरी आणि मल्याळमच्या मध्ये. त्यामुळं आता मराठी आठवी, पंधरांतली बरोबर मधली. कन्नड आणि मराठीत पाहुणे दोनाचे तीन झाले, आणि तिसरा पाहुणा गोव्याहून आलाय. नकाशातही तो शेजारीच आहे, तेव्हा वडिलांचा विनोद अजून चालेल.

दोन. पट्टीत सगळ्या भाषा नाहीत. अनुसूचीत बावीस आहेत. सिंधी, मैथिली, संथाळी, बोडो, डोगरी, मणिपुरी यांना पट्टीत जागा नाही. "नोट कुणाला विचारत नाही" हे आपण म्हणतो, कारण आपली ओळ तिच्यावर आहे. संथाळ माणसाला विचारा.

तीन, आणि हे जरा बोचेल. तुम्ही पिनकोडला निरुपद्रवी समजताय. पिन १५ ऑगस्ट १९७२ ला आला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपलेच, रत्नागिरी जिल्ह्यातले, संस्कृतात लिहिणारे. त्यातला पहिला आकडा विभागाचा. महाराष्ट्र आणि गोवा ४ मध्ये, कर्नाटक ५ मध्ये. शिनोळीचा पिन ४ नं सुरू होतो, तिथून वेंगुर्ला रोडनं थोडं पुढं बेळगावात आलात की ५९. वडिलांनी राज्याची ओळ कोरी ठेवली आणि त्याच्याच खाली पिन लिहिला. म्हणजे राज्य लिहिलंच की, आकड्यात.


शहापूरकर

जुनी_नोट, तिसरा मुद्दा वाचून चहा गार झाला. हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. वडिलांच्या आलं असेल का, याचा विचार करतोय. ते पिन फार ठळक लिहायचे, दोनदा गिरवून.

रोखठोक, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. खरं एक सांगा, तुमची पहाणी कन्नडात आहे म्हणून माझ्या आठवणी खोट्या कशा होतात?


रोखठोक

खोट्या नाही म्हणालो. स्वस्त म्हणतोय.


म्हादईकाठी

मी खानापूर तालुक्यातली. घरात मराठी, आणि दुकानात (खडेबाजारात कापडाच्या दुकानात कामाला आहे) सकाळपासून संध्याकाळपर्यंत कन्नड, मराठी, हिंदी, दखनी. मला या धाग्यातले दोन्ही काका पटले नाहीत, म्हणून लिहितेय.

शहापूरकर काका, तुमच्या डब्यात सगळ्या गड्यांच्या वस्तू आहेत. पगार मोजणारे वडील, फौजेतला मामा, रेडिओचं लायसन. आमच्या आजीला नोटेच्या पाठीवर अक्षरं आहेत हेच माहीत नाही. ती नोट ओळखते रंगावरून आणि लांबीवरून. आणि तिला नोटेबद्दल विचाराल तर एकच आठवण सांगेल. नोव्हेंबर २०१६ ला तांदळाच्या डब्यात तिच्या पाचशेच्या सहा नोटा होत्या, काजू विकून ठेवलेल्या. आठ तारखेला रात्री टीव्हीवर सांगितलं की चालणार नाहीत. आजीनं त्या सकाळी काढून उन्हात ठेवल्या. आम्ही विचारलं, "आजी, हे काय?" तर म्हणाली, "कीड लागली म्हणतात ना?" बँकेत रांगेत मी उभी राहिले, तीन दिवस. त्या नोटांवरही मराठी आठवीच होती.

तिचं राष्ट्रीय चिन्ह मी सांगते. शून्याचं तिकीट. जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बसचा प्रवास फुकट झाला. कंडक्टर आधार बघतो आणि शून्य रुपयाचं तिकीट देतो. आजी सत्तर वर्षांत एकटी कधी बेळगावला गेली नव्हती. कुणाकडून तरी पैसे मागून जायचं, म्हणून जायचीच नाही. आता महिन्यातून दोनदा जाते. रविवार पेठेत काही घेत नाही, नुसती फिरते. परत आली की तिकिटं उशीखाली ठेवते. मी म्हटलं टाक की. "असू दे, सरकारनं दिलंय."

आणि रोखठोक काका, ते तिकीट कन्नडात आहे. तिला वाचता येत नाही. पण मराठीत असतं तरी आलं नसतं, तेव्हा तिच्यापुरता तुमचा वाद मिटलाय.


रोखठोक

पोरी, फुकट तिकीट कुणाला नको आहे? महाराष्ट्रात बायकांना अर्धं तिकीट आहे हे मलाही माहीत आहे, आमच्या घरात त्यावरून रोज टोमणे ऐकतो. "जा की तुमच्या महाराष्ट्रात, निम्मे पैसे भरून." बायको म्हणते. हसून घेतो.

खरं आजीला वाचता येत नाही हा कन्नड पाटीचा विजय धरू नकोस. आजीला शाळा मिळाली नाही. तुला मिळाली म्हणून तू चार भाषा बोलतेस. तुझ्या पोरांना मराठी शाळा मिळेल का, ह्याच्यावर मी बोलतोय. आमच्या गावात पहिलीत या वर्षी नऊ पोरं. माझ्या वेळी दोन तुकड्या होत्या.


म्हादईकाठी

शाळेचं बरोबर आहे. त्यावर वाद नाही माझा. पण नऊच का राहिली ते पण बघा की काका. गावातली बाकीची पोरं कन्नड शाळेत गेली नाहीत, पिवळ्या बसनं इंग्रजीत गेली. माझा भाऊपण.


ट्रंकवाला

मराठा लाइट इन्फंट्री, सुभेदार म्हणून निवृत्त. सेंटर बेळगावातच, म्हणून भरती झाल्यावर पहिला पगारही बेळगावातच घेतला, घरापासून अकरा किलोमीटरवर. फौजेबद्दल कुणी हळवं लिहिलं की मी सहसा बोलत नाही, पण इथं एक चूक आहे.

५६ एपीओच्या पत्त्यात राज्य नसतं याचं कारण प्रेम नव्हे. युनिट कुठं आहे हे पाकिटावरून कळू नये म्हणून. साधी गोष्ट आहे. भाच्याला त्यात देश दिसला असेल, आम्हाला त्यात बंदोबस्त दिसायचा. आईला सुद्धा सांगायची मुभा नव्हती की मी कुठं आहे. ती वर्षानुवर्षं एका आकड्याला पत्र लिहीत होती.

आमचं गाव असायचं ट्रंकेवर. काळी ट्रंक, पांढरा रंग, ब्रश बारीक. नंबर, हुद्दा, नाव, आणि खाली गाव, तालुका, जिल्हा, राज्य. पूर्ण. रजेवर जाताना ट्रंक हरवली तर घरी पोचायला पाहिजे. मी स्वतः रंगवलंय, जिल्हा बेळगाव, कर्नाटक. हात थरथरला नाही. बरॅकीत साताऱ्याचे, रत्नागिरीचे, आणि धारवाडकडचाही एक होता. "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" म्हणताना त्याचा आवाज सगळ्यांत मोठा. सातारकर त्याला चिडवायचे, तो कन्नडात शिव्या द्यायचा, त्या शिव्या आम्ही सगळे शिकलो.

मामांची पत्रं जपून ठेवा. पण त्यांच्या ट्रंकेवर काय लिहिलंय ते एकदा बघा.


शहापूरकर

ट्रंकवाला साहेब, पटलं. माझं लहानपणचं वाक्य मागं घेतो. म्हणजे मला तसं वाटायचं हे खरंच आहे, पण त्याचा अर्थ मी लावला होता तो चुकला.

मामाची ट्रंक मामेभावाकडे आहे, त्यात आता गोधड्या असतात. फोन केला. त्यानं रंगावर पाणी मारून वाचलं आणि सांगितलं, मु. पो. आणि गाव दिसतंय, खालचं गंजलंय.


निपाणीची_लेक

माहेर निपाणी, सासर हुबळी. त्यामुळं दोन्हीकडच्या शिव्या मला कळतात.

धागाकर्त्यांनी झेंडा एका वाक्यात उडवला, "वर्षातून दोनदा" म्हणून. आमच्याकडं तो रोज असतो. हुबळीला बेंगेरीत खादी ग्रामोद्योगचं केंद्र आहे, तिथं राष्ट्रध्वज शिवतात. माझी शेजारीण तिथं कामाला होती. कामाला बहुतेक बायकाच. खादीचं कापड येतं, ते धुतात, रंगवतात, कापतात, शिवतात, मग अशोकचक्र दोन्ही बाजूंनी एकावर एक बरोबर यावं म्हणून छपाई. तिरकं गेलं की तुकडा बाद. झेंड्याचे नऊ आकार असतात. सगळ्यांत मोठा ६३०० बाय ४२०० मिलिमीटर, आणि धाकटा १५० बाय १००, टेबलावरचा. भारतीय मानकांमध्ये पहिला क्रमांक झेंड्याचा आहे, आय.एस. १. माझ्या शेजारणीला हे माहीत नव्हतं, तिला टाके माहीत होते. एका इंचात किती टाके पडायला पाहिजेत यावर ती माझ्याशी भांडलेली आहे, माझ्याच ब्लाउजवरून.

ती संस्था स्थापन झाली १ नोव्हेंबर १९५७ ला. तारीख बघा. निपाणीत आम्ही त्या तारखेला काळ्या फिती लावून सायकल फेरीला जायचो. पंधरा ऑगस्टला मराठी शाळेच्या पटांगणात ज्या झेंड्याला हात वर करायचो, त्याचं कापड धारवाड भागातल्या, कन्नड बोलणाऱ्या बायकांनी कातलेलं-विणलेलं असणार. ते कापड विणणारं गरग तर तुम्ही हायवेनं धारवाडला जाताना जवळूनच जाता. हे मला कुणी शाळेत सांगितलं नाही. लग्न झाल्यावर कळलं.

आता माझा विरोध. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहिता बदलली, पॉलिस्टरचा आणि यंत्रावर केलेला झेंडा चालेल असं झालं. दुसऱ्या वर्षी ऑगस्टात घराघरावर झेंडे लागले आणि खादीच्या झेंड्याची मागणी पडली. शेजारणीचे कामाचे दिवस कमी झाले, मग तिनं सोडलंच. आता घरी फॉल-पिको करते. तेव्हा तुमच्यातल्या किती जणांनी खादीचा विचारला? शहापूरकर, तुम्ही स्वतः त्या वर्षी काय लावलात पुण्यात? डब्यातली नोट फुकट सापडली, तिच्यासाठी गळा काढायला पैसे पडत नाहीत. खादीचा झेंडा महाग आहे.


शहापूरकर

सोसायटीनं वाटला होता. पॉलिस्टर.


पहिल्या_गेटाजवळ

आमच्याकडं पण पॉलिस्टर. अजून गच्चीच्या कोपऱ्यात काठीला आहे, रंग उडालाय. काढायचा कसा आणि ठेवायचा कुठं हे कळत नाही, म्हणून तसाच.


ध्वज_तिथे_आम्ही

प्रकाटाआ.

(संपादक: दोन्ही भाषिकांबद्दल अपशब्द असल्यानं प्रतिसाद काढला आहे. धागाकर्त्यानं वरच सांगितलं होतं.)


ट्रंकवाला

निपाणीच्या ताई, खादीचं तुमचं म्हणणं खरं आहे. खरं एक झेंडा असा असतो की खादी का पॉलिस्टर हे तिथं कुणी विचारत नाही. आमच्या गावातल्या एकाला मी घरी आणला होता, १९९९ च्या उन्हाळ्यात. पेटीवरचा झेंडा घडी करून त्याच्या आईच्या हातात दिला. मीच दिला. घडी घालताना अशोकचक्र वर येईल असं बघायचं असतं, हात शिकलेले असतात, डोकं चालत नाही.

गेल्या दिवाळीत तिच्याकडं गेलो होतो. झेंडा तिनं त्याच्याच ट्रंकेत ठेवलाय. डांबराच्या गोळ्या घातल्यात. गोळ्या दर दसऱ्याला बदलते म्हणाली, आणि विचारत होती की धुतला तर चालेल का.


जुनी_नोट

(यावर काही लिहिवत नाही.)


रोखठोक

सुभेदार साहेब, नमस्कार.

आता मूळ वादाकडं. मी माझं मत बदललेलं नाही. एक नोव्हेंबरला काळा शर्ट घालतो, पंधरा ऑगस्टला पांढरा, आणि दोन्ही इस्त्रीचे. ह्यात मला कधी अडचण आली नाही, अडचण येते ती बघणाऱ्याला. फक्त एवढंच म्हणतोय की आठवणी काढणारे बहुतेक बाहेर गेलेले असतात. बाहेर गेलेल्याचं बेळगाव डब्यात मावतं. आमचं मावत नाही, आम्हाला सोमवारी परत त्याच खिडकीवर जायचंय.


शहापूरकर

हे मान्य. मी १९९१ ला गेलो. नोकरी तिकडं मिळाली म्हणून गेलो, हा गुन्हा समजत नाही. पण रोखठोक, डब्याच्या बाजूनं एकच बोलतो. वडीलही त्याच खिडक्यांवर जात होते. रेशनच्या, विजेच्या, घरपट्टीच्या. कन्नड अर्ज शेजारच्या मास्तरांकडून भरून घ्यायचे आणि खाली मराठीत सही करायचे. त्याबद्दल त्यांनी कधी धागा काढला नाही, काढला असता तर तुमच्यासारखाच काढला असता. शनिवारी संध्याकाळी मात्र नोट उलटी करून मला वाचायला लावायचे. तेवढाच वेळ त्यांना कुणाकडून काही भरून घ्यावं लागत नसे. तुम्ही स्वस्त म्हणालात. मला वाटतं ती त्यांची विश्रांती होती.


रोखठोक

मास्तर कन्नड होते का मराठी?


शहापूरकर

कन्नड. गदगचे. पैसे घेत नसत, फक्त वडिलांकडून महिन्याला एक मराठी पोस्टकार्ड लिहून घ्यायचे, त्यांची लेक मिरजेला दिलेली होती. तिथं घरात कुणाला कन्नड वाचता येत नसे आणि सासरचे कुणीतरी तिचं पत्र आधी वाचणारच, तर मग समजू दे त्यांना, असा त्यांचा हिशेब.


म्हादईकाठी

काका, हे धाग्यात पहिल्यांदा लिहायचं की हो. आर्यभट्ट कशाला?


जुनी_नोट

अवांतर: कर्नाटकच्या राज्यचिन्हात गंडभेरुंडाच्या (दोन तोंडांच्या पक्ष्याच्या) खाली "सत्यमेव जयते" देवनागरीत आहे. रोखठोक यांनी पुढच्या हेलपाट्याला अर्जाचा मथळा नीट बघावा. तेवढी एक ओळ तरी वाचता येईल.


रोखठोक

बघितलीय. रांगेत दुसरं बघायला असतंय काय?


शहापूरकर

डब्यातली चार कार्डं कोरीच आहेत. पोस्टात चौकशी केली. कार्डाला आता पन्नास पैसे पडतात, पंधरा पैसे छापील आहेत, वरचं तिकीट लावलं की जाईल. पस्तीस पैशांचं तिकीट कुठलं मिळणार, रुपयाचंच लावतो. ज्यांना हवं त्यांनी पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पहिल्या चौघांना.


रोखठोक

केला. राज्य मी लिहिलेलं नाही. तुम्ही काय लिहिता ते बघणार आहे.


ट्रंकवाला

मलाही एक. पिन नक्की घाला. बिनपिनाचं कार्ड कोल्हापूरला फिरून येतं, अनुभव आहे.


म्हादईकाठी

माझं आजीच्या नावानं पाठवा. वाचून मी दाखवीन.


जुनी_नोट

शहापूरकर, पंधरा पैशांच्या कार्डावर पिनचे सहा चौकोन छापलेले असायला पाहिजेत. आहेत का?


शहापूरकर

आहेत. रोखठोक यांच्या कार्डावर पहिल्या चौकोनात ५ भरलाय. राज्याची ओळ अजून रिकामी आहे.